पणजोबांचे वडील कोण?

आमच्या घराण्याच्या दोन वंशावळी आहेत आणि त्या एका जागी जुळत नाहीत. पहिली चुलत्यांनी जमिनीच्या कागदांवरून तयार केली, दुसरी आत्याच्या तोंडी होती. पहिलीत पणजोबांच्या वर दोघा सख्ख्या भावांपैकी थोरल्याचे नाव येते, दुसरीत धाकट्याचे. आडनाव एक, आजोबा एक, वाडाही एकच, त्यामुळे तीन पिढ्यांत कोणाला याची फिकीर वाटली नाही. पुतणीच्या जात पडताळणीसाठी वंशावळीचे शपथपत्र करायची वेळ आली आणि सोबत जोडायच्या प्रत्येक कागदाशी ते जुळले पाहिजे हे कळले, तेव्हा हा गुंता सोडवणे भाग पडले. शोधाचे काम माझ्याकडे आले, कारण घरात निवृत्त मी एकटाच होतो.

आमचे मूळ गाव संगमनेर तालुक्यात आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीच्या हक्कांची नोंद सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळातले फेरफार, म्हणजे जमिनीचे हक्क बदलल्याच्या नोंदी, बहुतेक ठिकाणी तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून, शोध फी भरून नकला मागवल्या. मी अपेक्षा केली होती त्याप्रमाणे सुरुवातीच्या नोंदी मोडी लिपीतल्या निघाल्या. मला मोडी येत नाही, म्हणून एका जाणकार मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घेतले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे नावे वाचताना गफलत होऊ शकते. मात्र आमच्या या दोघा भावांच्या नावांत एकही अक्षर सारखे नाही, म्हणून वाचनाच्या चुकीची शंका तिथल्या तिथे संपली. फेरफारात पणजोबांच्या नावापुढे ‘बिन’, म्हणजे ‘चा मुलगा’, आणि थोरल्यांचे नाव स्वच्छ होते.

पुढे कोतवाल बुक पाहिले. गावच्या जन्म-मृत्यूची ही नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, घराण्याचा शोध घेणाऱ्याला सातबाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडते असे माझे मत झाले आहे, कारण सातबारा जमिनीच्या मागे चालतो आणि ही वही माणसाच्या. पणजोबा १९१८ च्या ऑक्टोबरात वारले. इन्फ्लुएन्झाच्या साथीचे ते दिवस. त्या पानावर आणि पुढच्या कित्येक पानांवर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘ताप’ एवढा एकच शब्द खाली खाली उतरत जातो, आणि लिहिणाऱ्याने काही ठिकाणी तोही न लिहिता नुसती वरच्यासारखी खूण केलेली दिसते. पणजोबांचे वय तिथे ३२ लिहिले आहे आणि बापाच्या जागी पुन्हा थोरल्यांचेच नाव आहे.

दोन स्वतंत्र कागद एकच सांगतात म्हटल्यावर चुलत्यांची वंशावळ बरोबर ठरवून मोकळे होता आले असते. परंतु त्याच वहीच्या जुन्या भागात थोरल्यांचा मृत्यू १८८१ चा निघाला. १९१८ साली ३२ वर्षांचा असलेला माणूस १८८६ च्या सुमारास जन्मला असणार. अशा वह्यांतली वये अदमासाने सांगितलेली असतात, चार-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. तरीही बाप मेल्यावर पाच वर्षांनी मुलगा जन्माला येण्याइतका अदमास चुकला असे धरणे मला पटेना. म्हणून १८८६ चे जन्म पाहिले. त्या वर्षी आमच्या वाड्यात एकच मुलगा झाला आणि तो धाकट्यांच्या घरी. त्या नोंदीत मुलाचे नाव नाही, फक्त ‘मुलगा’. बारशाआधीच जन्माची वर्दी दिली जात असल्याने जुन्या वह्यांत नावाचा रकाना असा मोकळा राहिलेला वारंवार दिसतो, आणि म्हणूनच हा मुलगा म्हणजे पणजोबाच, असे त्या नोंदीवरून छातीठोकपणे सांगता येत नव्हते.

दत्तकाची शंका मनात पक्की झाली ती इथे. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचून दत्तक घेता येत असे. बंगालसारख्या इतर प्रांतांत तशी मुभा नव्हती. दिराचा धाकटा मुलगा मांडीवर घेणे ही तर सर्वांत सोयीची वाट, कारण जमीन भावकीतच राहते. एकदा दत्तकविधी झाला की मुलगा कायद्याने मयताचाच मुलगा, त्यामुळे कारकुनाने ‘दत्तक’ हा शब्द लिहिण्याची गरज उरत नाही. दत्तकपत्र सापडेल या आशेने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या सूची पाहिल्या. हाती काही लागले नाही. पण त्या काळी लेखी पत्राशिवाय, भाऊबंदांच्या देखत मुलगा देण्या-घेण्याने दत्तक पुरे होत असे, तेव्हा पत्र नसण्यावरून उलट निष्कर्ष काढण्यात अर्थ नव्हता.

निर्णायक पुरावा नाशिकला मिळाला. रामकुंडाच्या परिसरातल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या पिढीजात पुरोहितांकडे, यजमान घराण्यांच्या नामावळी असतात हे ऐकून होतो, पण त्या इतक्या व्यवस्थित असतील असे वाटले नव्हते. गुरुजींनी आधी गाव विचारले, मग आडनाव, आणि आम्ही आपल्याकडचे नाही असे सांगून दुसऱ्या घराकडे पाठवले. तिथल्या गुरुजींनी लांबट बाड काढून मांडीवर आडवे धरले आणि बोट खाली सरकवत आमचे गाव गाठले. यात्रेला आलेला माणूस आपला बाप, आजा, भाऊ, मुलगे अशी नावे लिहून देतो, लिहिता येत नसेल तर दुसरा कोणी लिहितो. एकाच पानावर तीन-चार पिढ्यांची अक्षरे एकाखाली एक लागतात. धाकट्यांच्या नोंदीत त्यांचे तीन मुलगे आहेत आणि तिसऱ्याच्या, म्हणजे पणजोबांच्या नावापुढे ‘थोरले घरी दत्तक दिल्हा’ असे आहे.

या नोंदीच्या शकाचा शेवटचा आकडा पाण्याने फुगला होता. १८१२ की १८१७ हे नक्की होईना. पण मिती लिहिताना संवत्सराचेही नाव घातले होते, ‘मन्मथ’. साठ वर्षांच्या फेऱ्यात शके १८१७ हे मन्मथ आणि १८१२ हे विकृती, तेव्हा वर्ष १८९५-९६ ठरले. जुन्या कागदावर शक आणि संवत्सर दोन्ही असतील तर दोन्ही उतरून घ्यावेत असे मी आता प्रत्येकाला सांगतो. घाईत लोक पहिलाच आकडा टिपतात. गुरुजींनी फोटो काढू दिला नाही, मात्र नोंद अक्षरशः उतरवून घेऊ दिली आणि शेवटी माझ्याकडून आमच्या शाखेची आजपर्यंतची नावे लिहून घेतली. मी मुलींची आणि सुनांची नावेही लिहिली. त्यांनी हरकत घेतली नाही.

मागे वळून जमिनीचे कागद पुन्हा चाळले, तेव्हा धाकट्यांची वारस नोंद दिसली. तिच्यात दोनच मुलगे आहेत. तिसरा दत्तक जाऊन मूळ घरातला वाटा सोडून बसला होता, म्हणून तो तिथे नाही. ही नोंद माझ्या दप्तरात पहिल्यापासून होती, पण नाशिकची ओळ वाचल्यावरच तिचे वजन कळले.

शपथपत्रात पणजोबांचे वडील म्हणून थोरलेच दाखवले, कारण कायद्याने ते तेच आहेत आणि सर्व सरकारी कागद तसेच बोलतात. घरच्या वंशावळीत मात्र धाकट्यांच्या नावापासून पणजोबांपर्यंत तुटक रेघ ओढून शेजारी ‘जन्मदाते’ लिहिले. चुलत्यांना ती रेघ खटकली. त्यांच्या मते दत्तक म्हणजे दत्तक, उगाच खोदत बसू नये. आत्या असती तर हसली असती.

राहता राहिली पणजोबांची जन्मदाती आई. जन्माच्या नोंदीत तिचे नाव नाही, फेरफारात असायचे कारणच नाही, आणि धाकट्यांच्या नोंदीत फक्त पुरुषांची नावे आहेत. पण पणजोबांच्या सख्ख्या थोरल्या भावाने नंतर केलेल्या यात्रेच्या नोंदीत ‘आई’ म्हणून एक नाव आणि तिचे माहेर सिन्नर तालुक्यातले असल्याचा उल्लेख सापडला. त्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण, याची चौकशी सध्या चालू आहे, आणि तिथल्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी सिन्नरला अर्ज दिला आहे.