दादाला खाली पाठवून तू वर कशी गेलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. दुकानात बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्यांनी विचारलं, लग्नाच्या पंगतीत विचारलं, गणपतीच्या आरतीनंतर हातावर प्रसाद घेता घेता विचारलं. शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न तोच: किलीमांजारोवर दादाची तब्येत बिघडली, त्याला खाली पाठवलं, आणि तू मात्र शिखरावर जाऊन फोटो काढून आलीस, हे तुला जमलं कसं? मावशी, म्हणजे दादाची आई, हे तोंडाने विचारत नाही. मी समोर असले की ती त्यालाच विचारते, "बरा आहेस ना रे आता?"

आजवर मी दोनच वाक्यांत उत्तर देत आलेय. "तसं आधीच ठरलं होतं" आणि "त्याच्याबरोबर माहीतगार माणसं होती." दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती ऐकून तुमचं समाधान होत नाही हेही मला दिसतं. तेव्हा आता सगळंच सांगते.

गुहागरच्या माणसाला टांझानियातला डोंगर कशाला हवा, ते दादाने जाण्याआधी तुम्हाला पुरेसं सांगून झालंय. कल्पना त्याचीच. आखणी माझी. आणि ती आखणी मी जीव ओतून केली होती, हे मला आज मोकळेपणाने म्हणायचंय, कारण तुमच्या प्रश्नात "नीट विचार न करता गेलात" असा एक सूर असतो आणि तो मला लागतो.

तारखा बागेवरून ठरल्या. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी असते, पण तेव्हा आपल्याकडे मोहोर आणि फवारण्या. मार्चअखेर ते मे तिथे मोठा पाऊस, इथे आंबा. जून ते ऑक्टोबर तिथे पुन्हा कोरडं. इथली लावणी आटोपली की गणपतीपर्यंत जरा सवड मिळते, ती पकडली. शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते, चांदणं असलं तर बरं, म्हणून नारळी पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरले.

मग दिवस किती? याच्यावरून आमच्या पडवीत जेवढा वाद झाला तेवढा पैशांवरूनही झाला नाही. पाच दिवसांचं पॅकेज मिळतं. त्या राष्ट्रीय उद्यानात शुल्क दर दिवसाचं आणि मुक्कामाचं दर रात्रीचं लागतं, त्यामुळे दिवस कमी केले की खर्च उतरतो आणि जाहिरात छान दिसते. मी आठ दिवसांचा लेमोशोचा मार्ग लावून धरला. पश्चिमेकडून चढायचं, शिराच्या पठारावर दोन मुक्काम करायचे, चौथ्या दिवशी ४,६०० मीटरच्या आसपास लाव्हा टॉवरपर्यंत जायचं आणि झोपायला पुन्हा ४,००० च्या खाली बारांकोला उतरायचं. शरीराला उंची दाखवायची आणि रात्री खाली आणून सावरू द्यायचं. समुद्रकाठच्या माणसाकडे याला दुसरा उपाय नाही. आपण सराव कितीही केला तरी तो पायांचा आणि दमाचा. आम्ही पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेल्या सॅक घेऊन पाखाडीवरून चढ-उतार केली, खेडकडे जाऊन महिपतगड-सुमारगड-रसाळगड केला. पण विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरनंतर सुरू होतो आणि आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटर. त्या हवेची सवय इथे राहून करताच येत नाही.

मावशीला हेच पटवता येत नाही. "कलमांवर चढून दिवसभर आंबे उतरवणारा माझा मुलगा, त्याला काय होणार होतं?" मावशी, तो त्रास धट्टेकट्टेपणा बघत नाही गं. दादा आमच्या पाच जणांत सगळ्यात दणकट होता. त्याच्या खालोखाल दणकट माणूस शिरापर्यंत ओकत गेला आणि नंतर ठणठणीत झाला. बाराफूच्या तळावर, ४,६७० मीटरवर, संध्याकाळी गाईडने सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. दादाचा आकडा ८१ आला. माझा ७९. त्या उंचीवर असे आकडे बघून गाईड घाबरत नाहीत. मशीनवर विश्वास ठेवायचा तर परत मलाच पाठवायला हवं होतं.

आता त्या कागदाबद्दल. निघायच्या आधी पडवीत बसून आम्ही एक पान लिहिलं होतं, सगळ्यांच्या सह्यांचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी कोणाला चालेल, कोणाला सल्फाची ॲलर्जी आहे. विमा ६,००० मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसकट हवा, कारण बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत एवढी उंची बसतच नाही. पोर्टरच्या पाठीवर २० किलोपेक्षा जास्त ओझं नको, त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळतं की नाही हे कंपनीला विचारायचं. शिखराच्या रात्री दर दोघांमागे एक गाईड, म्हणजे आम्हा पाच जणांना तीन गाईड. आणि सगळ्यात शेवटी: कोणाची तब्येत बिघडली तर त्याला खाली न्यायचा निर्णय मुख्य गाईडचा, त्यावर वाद घालायचा नाही. त्याच्याबरोबर गाईड उतरेल. बाकीच्यांनी उतरायचं नाही.

हे शेवटचं कलम कोणी घातलं? दादाने. "माझ्यासाठी कोणी थांबायचं नाही आणि तुमच्यासाठी मी थांबणार नाही," असं तो म्हणाला होता, वहिनीच्या समोर. वहिनी आतून चहा घेऊन आली होती, तिने ऐकलं आणि ती काही बोलली नाही. ती अजूनही मला एका शब्दाने बोललेली नाही आणि त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

मध्यरात्री निघालो. चांदणं इतकं स्वच्छ होतं की मधूनमधून आम्ही डोक्यावरचे दिवे बंद करत होतो. पायाखाली सुटा मुरूम, दोन पावलं वर आणि त्यातलं अर्धं पुन्हा खाली. गाईड मुद्दाम अतिशय हळू चालवतात. दादा माझ्या पुढे होता. तीनच्या सुमारास मला वाटलं की तो पाय वेगळेच टाकतोय. होडीत उभ्या राहिलेल्या माणसासारखे फाकवून, तोल धरत. मी हाक मारली, त्याने ओ दिली नाही. थांबलो तेव्हा त्याने पाणी पिण्यासाठी हातमोजा काढला आणि मग त्याला तो घालता येईना. उजव्या हाताचा मोजा तो डाव्या हातात घालायचा प्रयत्न करत होता. अंगठा करंगळीच्या जागी जात होता आणि तो पुन्हा काढून पुन्हा तसाच घालत होता. चिडतही नव्हता. दादा, चिडत नव्हता! कलमाची एक फांदी वाकडी कापली गेली तर दिवसभर घुमसणारा माणूस.

मुख्य गाईडने त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, पण फार वेळाने. मग गाईडने काठीच्या टोकाने मुरमात एक सरळ रेघ मारली आणि तिच्यावरून टाचेला बोटं लावून चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला दादा रेघेबाहेर गेला आणि बसला.

तिथे चर्चा झाली नाही. मेंदूला सूज यायला लागली की त्यावर खरं औषध एकच, उतरणं, आणि तेही त्याच क्षणी. गाईडने त्याला डेक्सामेथासोनच्या गोळ्या दिल्या. ती गोळी मी दुकानात रोज हाताळते, तरी त्या उजेडात ती पट्टी बघून माझे हात गार पडले. एक सहायक गाईड आणि एक पोर्टर त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. तेवढ्यात दादाने माझ्या जॅकेटची बाही धरली आणि म्हणाला, "तू चल. मला घरी जायचंय."

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादाला त्या रात्रीतलं काही आठवत नाही. मोजाही नाही, रेघही नाही, हे वाक्यही नाही. तो आता हे वाचेल.

मी म्हटलं, "तू हो पुढे, मी आलेच." त्याची बोटं मी एकेक करून बाहीवरून सोडवली. ते तिघे उतरायला लागले. मी वळले आणि चढायला लागले.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. उजाडताना विवराच्या काठावरचा स्टेला पॉइंट, मग कड्यावरून तासाभरात उहुरू, म्हणजे शिखर, ५,८९५ मीटर. फोटोत मी हसतेय, हेही तुम्ही मला बऱ्याचदा ऐकवलंय. हो, हसतेय. मला आनंद झाला होता. दुपारनंतर मी म्वेकाच्या तळावर पोचले तेव्हा दादा तंबूबाहेर बसून सूप पीत होता. पहाटेच तो नीट बोलायला लागला होता, पण गाईडने त्याला बाराफूला थांबू न देता तसाच आणखी दीड हजार मीटर खाली आणला होता. मला बघून म्हणाला, "पोचलीस ना?" डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मोशी गावाच्या हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली. डोकं थोडे दिवस जड होतं, एवढंच.

म्हणजे योजना चालली. आठ दिवस घेतले, गाईड पुरेसे घेतले, ओळखायची वेळ चुकली नाही, उतरवायची वेळ चुकली नाही. दोन गाईड घेऊन गेलो असतो तर एका आजाऱ्यासाठी बाकीच्या चौघांना एकाच गाईडवर राहावं लागलं असतं, किंवा कोणी म्हटलं असतं, "जरा बसू दे, बरं वाटेल." त्या "जरा"मध्ये माणसं जातात. आणि मी खाली गेले असते तर काय केलं असतं? मी दमलेली होते, माझं ऑक्सिजन त्याच्याहून कमी होतं, रात्री त्या मुरमावरून दुसऱ्याला धरून उतरायचं शिक्षण मला नाही. गाईडला एकाऐवजी दोघांवर लक्ष ठेवावं लागलं असतं. कलम त्यासाठीच होतं.

आणि एक विचारू? आमच्यात आणखी तिघं होती. त्यातले दोघे पुरुष, दोघेही दादाचे बालमित्र. तेही वर गेले. त्यांना पंगतीत कोणी अडवत नाही. "तू बहीण ना," असं तुम्ही म्हणता. मावसबहीण असले की बाही माझी, आणि मित्र असले की सत्कार, ही वाटणी मला मान्य नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मी वळले ती कलमामुळे नाही. कलम त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हतं. मला वर जायचं होतं. त्याचा विचार सोबत होता, तरी पाय मागे वळावेत असं मला वाटलं नाही. कलम मला नंतर आठवलं, खाली येताना, आणि तेव्हापासून मी ते तुम्हाला सांगत आलेय.

पडवीत बसून तो कागद लिहिणारी जी मी होते, तिच्याशी मी आताशा भांडते. ती म्हणते, निर्णय समुद्रसपाटीवर घ्यायचे असतात, कारण वर डोकं चालत नाही. बरोबर आहे तिचं. मी तिला विचारते, त्याच्या दोन्ही बाजूंना जी माणसं होती ती स्वाहिली आणि इंग्रजी बोलत होती. दादाचं इंग्रजी एरवीच कामापुरतं, त्या अवस्थेत तर काहीच नाही. अंधारात, आपण कुठे आहोत हे कळत नसताना, दोन अनोळखी माणसं आपल्याला काखेत धरून ओढत नेताहेत आणि त्यांचा एक शब्द समजत नाही, तेव्हा त्या माणसाला काय वाटत असेल? औषध लिहिलंस, विमा लिहिलास, पोर्टरचं जेवण लिहिलंस. "दादा, आपण खाली चाललोय, घाबरू नको," हे मराठीत कोण म्हणणार होतं? ती म्हणते, त्याला आठवत नाही ना, मग झालं. मी म्हणते, आठवत नाही म्हणजे तेव्हा वाटलंच नाही असं थोडंच आहे? ती म्हणते, तो जिवंत आहे. इथे आमचं भांडण थांबतं. संपत नाही.

चिपळूणचा एक ग्रुप पुढच्या मोसमात जायचं म्हणतोय आणि त्यांनी माझ्याकडे तो कागद मागितला. तारखा, मार्ग, आठ दिवस, दोघांमागे एक गाईड, सगळं तसंच दिलं. शेवटच्या कलमाखाली मी एक ओळ वाढवली: उतरणाऱ्याबरोबर त्याची भाषा बोलणारं एक माणूस उतरेल, ते माणूस कोण हे आधी ठरवावं. आमच्या मुख्य गाईडला हे व्हॉट्सॲपवर विचारलं तर त्याने स्पष्ट नकार दिला. दमलेलं माणूस बरोबर दिलंत तर मला दोन आजारी सांभाळावे लागतील, असं त्याचं म्हणणं, आणि त्याने तो डोंगर माझ्याहून किती तरी जास्त बघितलाय. मी ती ओळ खोडली, मग पुन्हा लिहिली. त्यांच्याकडे गेलेल्या प्रतीत ती आहे.