शेवटचं नोझल

मँचेस्टरला रात्री आठचा फुटबॉल सामना सुरू होतो तेव्हा विदर्भात आर्वीकडच्या वावरात दीड वाजलेला असतो. हे हिवाळ्यातलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर पुढे करतात आणि तोच सामना आपल्याला साडेबाराला सापडतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे मागे गेले की पुन्हा दीड. चन्याचं ओलीत आणि मँचेस्टर युनायटेड ही दोन्ही लचांडं ज्याच्या गळ्यात आहेत, त्याला हा हिशेब तिथी-नक्षत्रासारखा पाठ असतो. शनिवारी दुपारी तीनचा सामना असला तर हिवाळ्यात आपल्याकडे साडेआठ, म्हणजे जेवण आटोपून निवांत. गंमत अशी की तीनचे सामने खुद्द इंग्लंडात टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. लोक घरात बसून राहिले तर मैदानं ओस पडतील म्हणून. तिथल्या माणसाला तिकीट काढावं लागतं, इथल्याला फक्त रेंज लागते. ती विहिरीजवळ नसते, धुऱ्यावरच्या बाभळीखाली असते, हा भाग वेगळा.

तसं पाहिलं तर नागपूर-कामठी सोडून आपल्या भागात फुटबॉलला कोण विचारतो? कामठी छावणीचं गाव, तिथे हा खेळ पिढ्यान्‌पिढ्यांचा. बाकी गावागावांत पोट्टे टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतात, दिवाळीनंतर कबड्डीचे सामने भरतात. मग नागपूरच्या बर्डीवरून आणलेली लाल जर्सी स्वेटरवरून चढवलेला माणूस चन्यात उगवतो कसा? तो लायनीतून उगवतो. शेतीपंपाची थ्री फेज लाईन पाळीनं येते, कधी दिवसाची तर कधी रातची. रातपाळी नेमकी रब्बीत गाठते. ओलीत करायचं, रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायचे, म्हणजे जागणं आलंच. आणि रात्री दीड वाजता सोबतीला फुटबॉलच जागा असतो. ज्यांच्याकडे सौरपंप लागले ते आता दिवसा पाणी देतात आणि रात्री झोपतात. त्यांच्या फुटबॉलच्या ज्ञानाला उतरती कळा लागली आहे.

आता स्प्रिंकलरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. वीस फुटी पाईप एकात एक अडकवत न्यायचे, दर दोन पाइपांनंतर एक नोझल उभं करायचं, टोकाला झाकण. मोटर सुरू करताना ते झाकण आधी काढून ठेवायचं. पहिलं गढूळ पाणी, पाइपात शिरलेली माती, एखादा बेडूक, सगळं निघून गेलं की लावायचं. मग एकेक नोझल फिरू लागतं. टिक-टिक-टिक-टिक असा त्याचा ठेका असतो. कान सरावले की अंधारात नुसत्या आवाजावरून कळतं, सगळी फिरताहेत की एखादं थकलं. थकतं ते बहुतेक वेळा शेवटचं. त्याचं पाणी फवाऱ्यासारखं लांब न जाता नळासारखं पायाशीच पडतं, वरची ठोके देणारी हातोडी एकदा हलते आणि गप्प होते. नवशिका माणूस बॅटरी घेऊन थेट त्याच्याकडे पळतो, त्याला ठोकतो, फिरवतो, शिव्या देतो. जुना माणूस लायनीच्या कडेनं चालत येतो आणि पाइपांचे जोड पाहत येतो. कारण पाणी कुठेतरी आधीच पळालेलं असतं. जोडातलं रबर उलटं बसलेलं असतं, त्याची उघडी बाजू पाण्याच्या दाबाकडे हवी ती भलतीकडे झालेली असते, किंवा खाचेत माती अडकलेली असते. एका जोडातून सुरसुर पाणी गेलं की त्याच्या मागचं नोझल फिरतं, पुढची मलूल होतात आणि शेवटचं मरतं.

2024-25 च्या हंगामात युनायटेडचं शेवटचं नोझल म्हणजे रास्मुस होयलुन. 2023 साली सहा कोटी चाळीस लाख पौंड मोजून आणलेला, वर बोनस वेगळा. प्रीमियर लीगच्या त्या अख्ख्या हंगामात त्याचे गोल 4. त्याच्या जोडीचा झर्कझी, त्याचे 3. मधे तर होयलुनचे लागोपाठ 21 सामने कोरडे गेले. धुऱ्याधुऱ्यावरून एकच घोष, ‘काढ बे त्याले!’ साहजिक आहे. बॅटरीचा झोत शेवटच्या नोझलवरच पडतो, कॅमेराही तिथेच जातो. तोंड वेडंवाकडं करून आकाशाकडे पाहणारा आघाडीवीर दाखवायला सोपा. चाळीस मीटर मागे, जिथून पास निघायलाच हवा होता आणि निघाला नाही, ती जागा दाखवायला पडद्यावर काही नसतं.

ती जागा म्हणजे मधला जोड. त्या नोव्हेंबरात रूबेन अमोरिम प्रशिक्षक म्हणून आला आणि त्यानं 3-4-2-1 ची मांडणी आणली. मागे तीन, मधे चार, त्यांच्यापुढे दोन आणि टोकाला एक. कागदावर छान दिसते. पण त्या मधल्या चारांपैकी दोघे कडेचे, विंगबॅक, म्हणजे प्रत्यक्षात मैदानाच्या पोटात उरतात दोनच माणसं. समोरचा संघ 4-3-3 खेळत असेल तर त्याचे तिथे तीन. तीनावर दोन. आता पुढच्या दोघांपैकी एकानं खाली येऊन तिसरा व्हावं, तर वर दबाव टाकायला दोघेच उरतात आणि समोरच्याचे दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, मोकळे होतात. त्या मोकळ्या फुलबॅकवर धावून जायचं काम विंगबॅकचं. अंतर तीस-पस्तीस मीटर. तो वेळेवर पोचला तर ठीक. अर्धा सेकंद उशीर झाला की चेंडू त्याच्या पाठीमागे. मग त्याची जागा झाकायला मागच्या तिघांतला कडेचा बचावपटू बाहेर ओढला जातो, त्याच्या जागी भगदाड पडतं, ते बुजवायला मधल्या दोघांतला एक मागे पळतो, आणि आता मधे तीनावर एक.

एका रबरानं सगळी लाईन जाते ती ही अशी. गोल बसला की बॅटरी गोलकीपरवर. तिथेही कधी कधी दोष असतोच, पण चेंडू त्याच्यापर्यंत यायच्या आधी चार जोड गळलेले असतात. अशा मांडणीचा पुढचा सामना पाहाल तेव्हा एवढं करून पाहा. चेंडूकडे न पाहता, चेंडू ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या विंगबॅककडे पाहायचं. तो कुठे उभा आहे आणि धावायला कधी निघाला, एवढंच. पाच मिनिटांत कळतं की आज रात्री जागण्यात अर्थ आहे की नाही.

आणि मोटर? मोटर ब्रुनो फर्नांडिस. लीगमध्ये त्याचे गोल 8, आमादचेही 8. संघात याहून जास्त कुणाचेच नाहीत. ब्रुनोनं खरं तर पुढे दोघांत राहून शेवटचा पास द्यायचा. पण पाणी पुढे येतच नाही म्हटल्यावर तो मागे येतो, बचावपटूंच्या पायातून चेंडू उचलतो, वळतो, लांब फेकतो आणि मग स्वतःच त्याच्या मागे धावतो. मोटरच बादली घेऊन शेवटच्या वाफ्याकडे निघाल्यासारखं ते दृश्य. कौतुक वाटतं, पण वावर काही भिजत नाही. 38 सामन्यांत संघाचे गोल 44, खाल्लेले 54, गुण 42, क्रमांक पंधरावा. 1974 साली हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता, त्यानंतर इतकं वाईट पीक कधी आलं नव्हतं.

नोझल खराब की लाईन, हे ओळखायची एक परीक्षा आहे आणि ती फार सोपी आहे. शेवटचं नोझल काढायचं आणि मोटरजवळच्या पहिल्या जागी लावायचं. तिथे ते भराभर फिरलं, तर त्याचा दोष नाही. तिथेही मेलं, तर मग त्याची चाळण करा. युनायटेडनं नकळत ही परीक्षा दोन वर्षांत इतक्यांदा घेतली की निकाल पाठ झाला. मधल्या फळीतला मॅक्टॉमिने 2024 च्या ऑगस्टात इटलीच्या नापोलीला विकला. तिथे पहिल्याच हंगामात लीगमध्ये 12 गोल, संघ इटलीचा विजेता, आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू. अँटनी जानेवारी 2025 मध्ये उधारीवर स्पेनच्या बेटिसला गेला. ज्याला युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एक माणूस चुकवता येत नव्हता, त्यानं तिथल्या लोकांना खुर्चीवरून उठवलं आणि संघ युरोपातल्या क्लबांच्या कॉन्फरन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. होयलुनही सप्टेंबर 2025 मध्ये नापोलीला उधारीवर गेला आणि पहिल्याच सामन्यात गोल. पुढे लिस्बनच्या स्पोर्टिंगविरुद्ध दोन, दोन्हींना पास नापोलीच्याच डी ब्रुय्नेचा. तेच नोझल, तेच भोक, तीच हातोडी. मागून दाब आला फक्त.

शेजाऱ्याच्या वावरात आपलं बियाणं कंबरेएवढं झालेलं पाहणं हा वैताग कापूस-तूर लावणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

मात्र याचा अर्थ सगळी नोझलं निर्दोष असाही नाही. युनायटेडच्याच सॅन्चोला चेल्सीनं वर्षभर उधारीवर वापरलं. त्यानं बेटिसविरुद्धच्या त्याच अंतिम सामन्यात गोलसुद्धा केला. तरी हंगाम संपल्यावर त्याला कायम ठेवण्यापेक्षा 50 लाख पौंड दंड भरून परत पाठवणं चेल्सीला परवडलं. पहिल्या जागी लावूनही न फिरणारं नोझल असतं. पण पाचांत एखादं. ज्याच्या लायनीत पाचही बंद पडतात, त्यानं नोझलच्या दुकानात जाऊन नवीन महागडं आणण्याआधी एकदा जोड तपासावेत, एवढीच अपेक्षा. दर उन्हाळ्यात होतं उलटंच.

अमोरिमची बाजूही थोडी घ्यायला हवी. लिस्बनच्या स्पोर्टिंगला त्यानं याच मांडणीवर 2021 आणि 2024 मध्ये लीग जिंकून दिली होती. म्हणजे बियाणं बोगस नव्हतं. पण तिथे ही मांडणी पेरणीपासूनची होती. इथे तो आला नोव्हेंबरात, उभ्या पिकात. ज्या संघाची खरेदी चार बचावपटूंच्या हिशेबानं झालेली, त्याच्यात तीनाची लाईन टाकायची म्हणजे पाईप अडीच इंची आणि कपलर (जोडाचा तुकडा) तीन इंची. चिंधी गुंडाळून बसतो तो, पण गळतो. समजदार माणूस अशा वेळी हंगाम निघेपर्यंत जुनीच लाईन चालवतो आणि उन्हाळ्यात बदलतो. याला ते पटलं नाही. बदली खेळाडू आणायचा तोही विंगबॅकच्या जागी विंगबॅक, टोकाच्या जागी टोकाचा. मांडणी जागची हलायची नाही.

एकदा हलली. 17 एप्रिल 2025, युरोपातल्या क्लबांची युरोपा लीग, समोर फ्रान्सचा लियाँ. आपल्याकडे तारीख बदललेली, रात्रीचे साडेबारा. चना कधीचाच घरात आलेला, पण उन्हाळी भुईमूग आणि संत्र्याची झाडं पाणी मागतच होती. 2-0 वरून 2-2, मग जादा वेळेत समोरचे दहाच असताना 2-4. तेव्हा सगळं गुंडाळून मग्वायर या उंचपुऱ्या बचावपटूला पुढे नेऊन उभा केला. 114 व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, 120 व्याला कोबी मेनूचा गोल, आणि त्याच्या पुढच्याच मिनिटाला मग्वायरचं डोकं. 5-4. तीन वाजून गेले होते. पाईप-बीप सगळं फेकून थेट बादल्यांनी विझवलेली आग होती ती, पण विझली.

मग 21 मे ला बिल्बाओत अंतिम सामना, समोर टॉटनहॅम. लीगमध्ये तेही सतरावे राहिले, म्हणजे पंधराव्या आणि सतराव्याची कुस्ती. नवतपा चार दिवसांवर, रात्रीही अंगणातली बाज तापलेली. 42 व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा एक घसरता गोल, आणि त्यानंतर टॉटनहॅमनं आपल्या दारात खाट टाकली. चेंडू युनायटेडकडे, जागा टॉटनहॅमकडे. मांडणी पुन्हा तीच. होयलुनचं एक हेडर गोलरेषेवरून व्हॅन द व्हेननं उलट्या उडीत बाहेर काढलं. त्या हंगामात टॉटनहॅमनं युनायटेडला चार वेळा हरवलं.

आता मध्यंतराबद्दल. ते पंधरा मिनिटांचं असतं. तेवढ्यात लाईन बदलून होत नाही. मोटर बंद करा, जोड सोडा, पाण्यानं भरलेले पाईप उपसून खांद्यावर घ्या, भिजलेल्या मातीतून चाळीस फूट पलीकडे न्या. दोन माणसांना अर्धा तास. ते काम सामना संपल्यावर. चना फुलावर असेल तर स्प्रिंकलर लावायचंच नाही, फूल गळतं. त्या आठवड्यात निवांत सामना पाहता येतो. फांद्या फुटताना किंवा घाटे भरताना मात्र सुटका नाही. पंधरा मिनिटांत एक काम होतं, अडलेलं नोझल साफ करणं. त्याला तार वापरायची नाही, पितळेचं भोक मोठं होतं आणि फवारा कायमचा बिघडतो. बाभळीचा काटा घ्यायचा. बारीक खडा किंवा शेवाळाचा धागा निघतो. मग नोझलला कान लावून थांबायचं. एकदा टिक, मग बराच वेळ काही नाही, मग टिक-टिक. लागला ठेका. हात जर्सीला पुसून बाभळीखाली परत यावं तर दुसरा हाफ सुरू होऊन तीन मिनिटं झालेली असतात. तेच अकरा, त्याच जागी.