फिनिक्स पार्कमधली रिकामी जागा

डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये लोक हरणं बघायला जातात. सातशे हेक्टरांचं हे कुरण शहराला अगदी लागून आहे आणि हरणं माणसांना फारशी बुजत नाहीत. मी गेले ती मात्र एका पुतळ्याची जागा बघायला. पुतळा तिथे आता नाही.

चेस्टरफील्ड अव्हेन्यू हा पार्कच्या मधून सरळसोट जाणारा रस्ता. याच रस्त्यावर १८८० पासून फील्ड मार्शल ह्यू गॉफचा अश्वारूढ पुतळा होता. १९४४ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री कुणीतरी त्याचं डोकं कापलं आणि तलवारही काढून नेली. डोकं पुढे लिफी नदीत सापडलं. १९५६ मध्ये स्फोटाने घोड्याचा मागचा पाय उडाला आणि जुलै १९५७ मध्ये आणखी मोठ्या स्फोटाने सगळा पुतळाच खाली आला. आज तिथून सायकलवाले, पळायला आलेले लोक आणि गाड्या जातात. ठाऊक असल्याशिवाय इथे काही होतं हे कळायचं नाही.

मराठी माणसाने या जागेसाठी वाट वाकडी का करावी? कारण हा गॉफ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी लढला होता.

गॉफ मूळचा लिमरिकचा, जन्म १७७९ चा. घराणं प्रॉटेस्टंट, वडीलही सैनिकी पेशातले. कोवळ्या वयातच तो पलटणीत शिरला. स्पेनमध्ये नेपोलियनच्या फौजांशी लढताना ८७ वी आयरिश पलटण त्याच्या हाताखाली होती. १८११ मध्ये बारोसाच्या लढाईत याच पलटणीच्या मास्टरसन नावाच्या सार्जंटने फ्रेंचांचा गरुडध्वज हिसकावून घेतला आणि गॉफचं नाव झालं. पुढे चीनमधलं अफूचं युद्ध, आणि १८४३ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजांचं सरसेनापतिपद.

त्याच वर्षी ग्वाल्हेरात जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी ताराबाई स्वतःच जेमतेम तेरा वर्षांच्या, आणि दत्तक घेतलेले जयाजीराव त्यांच्याहूनही लहान. कारभार कुणी करायचा यावरून दरबारात तट पडले. पलीकडे पंजाबात शिखांची मोठी फौज उभी असल्यामुळे गव्हर्नर जनरल एलेनबरोला ग्वाल्हेरची फौज डोळ्यांत खुपत होतीच. त्याने निमित्त साधलं आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूरला लढाई जुंपली.

गॉफला वाटलं होतं, किरकोळ चकमकीत काम होईल. पाहणी नीट झालीच नव्हती. लेडी गॉफ, त्यांची मुलगी आणि इतर बायका हत्तींवर बसून तमाशा बघायला यावं तशा आल्या होत्या, आणि त्यांचे हत्तीच तोफांच्या माऱ्यात सापडले. शिंद्यांचे गोलंदाज तोफ सोडून हटले नाहीत. संगिनी छातीत घुसेपर्यंत ते तोफा डागत राहिले. इंग्रजांकडचे जवळपास आठशे लोक मेले किंवा जखमी झाले. आपण शत्रूच्या शौर्याला कमी लेखलं, हे गॉफने स्वतःच्या खलित्यात लिहून दिलं आहे. हार आपली झाली, त्याच दिवशी ग्वाल्हेरजवळच्या पनिहारलाही झाली, पण त्या गोलंदाजांबद्दल वाचताना आजही ऊर भरून येतो. पानिपत आपल्याला पाठ असतं. महाराजपूर शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत उरकतं, याचं वाईट वाटतं.

जिंकलेल्या तोफा वितळवून इंग्रजांनी सैनिकांसाठी पदकं केली, त्यांचं नाव ‘ग्वाल्हेर स्टार’. सहा टोकांची काशाची चांदणी, तिच्या मधोमध छोटी चांदीची चांदणी, तिच्यावर लढाईची तारीख आणि भोवती गावाचं नाव. दोनेक इंचांचा हा ऐवज. ज्या धातूने त्यांची माणसं मारली, तोच धातू त्यांनी छातीवर मिरवला.

डब्लिनचा पुतळाही असाच, गॉफच्या फौजांनी जिंकलेल्या तोफांच्या धातूचा. शिल्पकार जॉन हेन्री फोली. घोडा कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल हार्डिंजच्या पुतळ्यावरूनच घेतलेला. शहरात कुठे जागा द्यायची यावर वाद झाले आणि शेवटी पुतळा पार्कात आला. चौथऱ्यावरच्या लेखात गॉफचा गौरव ‘थोर आयरिश’ असा केला होता.

आयरिश माणसांना तो आपला का वाटला नाही, हे मला तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर नीट समजलं. १८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि भीषण दुष्काळाची सुरुवात झाली. त्याच डिसेंबरात गॉफ पंजाबात मुदकी आणि फिरोजशहा या गावांपाशी शिखांशी लढत होता. १८३० च्या सुमारास ब्रिटिश फौजेच्या शिपायांत दहातले चार आयरिश होते, आणि ते बहुतेक पोटासाठी आलेले. सेनापती मात्र साम्राज्याचा मानकरी. जानेवारी १८४९ मध्ये चिलियाँवालाला त्याने समोरून हल्ला करून दोन हजारांवर माणसं गमावली, तेव्हा लंडनमध्ये एवढा ओरडा झाला की त्याच्या जागी सर चार्ल्स नेपियर या सेनापतीला धाडलं गेलं. नेपियर पोचण्याआधीच गॉफने गुजरातची लढाई (पंजाबातलं गुजरात) जिंकली आणि त्याची अब्रू राहिली. व्यक्तिशः तो शूर होता, यात शंका नाही. तोफांचा मारा सुरू असताना पांढरा कोट घालून तो मुद्दाम नजरेत भरेल असा फिरायचा. पण त्याच्या हट्टाची किंमत शिपायांनी मोजली, आणि माझ्या लेखी हा दोष त्या शौर्याने पुसला जात नाही.

त्याच पार्कात वेलिंग्टनचा ६२ मीटर उंच दगडी स्तंभ आजही उभा आहे. तोही डब्लिनचाच, असईच्या लढाईत आपल्या मराठ्यांशी लढलेला. स्तंभाच्या पायाशी हिंदुस्थानातल्या लढायांचं काशाचं शिल्प आहे. ते चुकवू नका.

गॉफचं घर सेंट हेलेन्स, शहराच्या दक्षिणेला स्टिलऑर्गन रस्त्यावर. १८६९ मध्ये तो तिथेच वारला. आता तिथे हॉटेल आहे आणि जवळच युनिव्हर्सिटी कॉलेज. पुतळा म्हणाल तर तो इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंडच्या चिलिंगहॅम किल्ल्यात आहे. १९९० मध्ये दुरुस्त करून तिथे उभा केला. पुढच्या खेपेला तिकडे जायचं आहेच, पण त्याआधी महाराजपूर. ते ग्वाल्हेरपासून फार लांब नाही.