मुख्य प्रोसेसरच्या शेजारी काय काय चालतं

मी ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमला चिप चालवता यावी यासाठीचा कोड) लिहिते, त्यामुळे नवा लॅपटॉप हातात आला की आधी कर्नल लॉग, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने केलेल्या नोंदी, वाचते. वाय-फाय चिपचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लोड झालं, ब्लूटूथचं झालं, ग्राफिक्सचं झालं, आणि हल्ली एनपीयूचंही (एआयची गणितं करणारा खास प्रोसेसर). यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक वेगळा छोटा संगणक. त्याचा कोड आपल्याला वाचता येत नाही, आणि ग्राफिक्स किंवा एनपीयूसारख्यांना तर मुख्य मेमरी थेट वाचता-लिहिता येते. जाहिरातीत मात्र 'टॉप्स' (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) किती, एवढंच असतं.

एआयचं काम आपल्याच उपकरणावर व्हावं, असं मलाही वाटतं. आवाज, फोटो, टिपणं सर्व्हरवर जात नाहीत, हा फायदा खरा आहे. पण डेटा बाहेर जात नाही म्हणजे तो सुरक्षित आहे, असं विक्रेते सरसकट सांगतात तेव्हा मला राग येतो.

जानेवारी २०२४ मध्ये 'ट्रेल ऑफ बिट्स' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'लेफ्टओव्हरलोकल्स' ही त्रुटी जाहीर केली. जीपीयूमध्ये, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपमध्ये, लोकल मेमरी नावाचा छोटा, वेगवान भाग असतो. एका प्रोग्रामचं काम संपल्यावर तो पुसलाच जात नव्हता, त्यामुळे पुढच्या प्रोग्रामला आधीच्याचं उरलंसुरलं वाचता येत होतं. त्यांनी शेजारी चालणाऱ्या भाषा-मॉडेलची उत्तरं अशीच गोळा करून दाखवली. एएमडीच्या एका कार्डावर ७ अब्ज पॅरामीटरच्या मॉडेलला विचारलेल्या एका प्रश्नामागे सुमारे १८१ एमबी डेटा गळत होता. अॅपल, क्वालकॉम आणि इमॅजिनेशनचे काही जीपीयूही यात सापडले. एनव्हिडियाच्या जीपीयूंवर ही गळती नव्हती, म्हणजे ती टाळता येण्यासारखी होती. सीपीयूच्या, म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या, बाबतीत एका प्रोसेसची मेमरी दुसऱ्याला देण्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम ती शून्यांनी भरते, ही फार जुनी शिस्त आहे. जीपीयू घडले ते चित्रं काढायला. गेमच्या मागच्या फ्रेमचे अवशेष राहिले तर कुणाचं काय बिघडणार होतं? आता त्याच मेमरीतून माणसांच्या खाजगी गोष्टी जातात.

माझ्या कामामुळे मला जास्त धास्ती वाटते ती ड्रायव्हरची. फोनवर अॅपला कॅमेरा हवा असेल तर परवानगी मागावी लागते. जीपीयूसाठी कुणी विचारत नाही, कारण त्याशिवाय स्क्रीनवर काही उमटणारच नाही. म्हणजे कुठलंही साधं अॅप थेट कर्नलमधल्या एका अवाढव्य, गुंतागुंतीच्या ड्रायव्हरशी बोलू शकतं. आर्म कंपनीच्या माली जीपीयूच्या ड्रायव्हरमध्ये नेमकं इथेच फावलं: सोडून दिलेल्या मेमरीपर्यंत पोहोचता येत होतं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा हल्लेखोर ते वापरत असल्याच्या खुणा मिळाल्या होत्या. त्याआधी २०२० मध्ये 'चेक पॉइंट' या सुरक्षा कंपनीने क्वालकॉमच्या डीएसपीशी (आवाज, चित्रं असे सिग्नल हाताळणाऱ्या प्रोसेसरशी) संबंधित कोडमध्ये ४०० हून अधिक कमकुवत जागा दाखवल्या होत्या. एनपीयूचे ड्रायव्हर त्यामानाने कोवळे आहेत, आणि प्रत्येक अॅपला तो वेग हवा आहे.

दुरुस्तीचा प्रवास तर फारच लांबतो. चिप बनवणारी कंपनी पॅच काढते, उपकरण बनवणारी तो आपल्या आवृत्तीत बसवते, मग कधीतरी तो आपल्यापर्यंत येतो. चूक बूट रॉममध्येच (चिप सुरू होताना चालणाऱ्या, कायमच्या कोरलेल्या कोडमध्ये) असेल तर येतच नाही. अॅपलच्या टी२ या सुरक्षा-चिपमध्ये 'चेकएम८' त्रुटी निघाली, ती सॉफ्टवेअर अपडेटने बुजवता येत नाही. सुरक्षेसाठीच बसवलेली चिप, आणि तिचीच ही गत.

म्हणून कुणी लॅपटॉप सुचवायला सांगितलं तर मी टॉप्स पाहत नाही. फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीने लिहून दिलंय का, आयओएमएमयू (चिपांना मेमरीच्या ठरावीक भागापुरतंच ठेवणारी यंत्रणा) चालू आहे का, आणि एनपीयू बायोसमधून (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करता येतो का, हे पाहते. जो एनपीयू मी वापरत नाही, तो मी तिथूनच बंद करून ठेवते.