तुळशीखालची भाडेकरू

आई वाईहून सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा विमानतळावरून घरी येतानाच मी तिला बजावलं होतं. मागच्या अंगणात अनवाणी जायचं नाही. बाहेर राहिलेली चप्पल झटकल्याशिवाय पायात घालायची नाही. कुंड्या हाताने सरकवायच्या नाहीत.

"सासुरवाशिणीलाही इतके नियम नसतात गं. कशासाठी हे?"

"कोळ्यांसाठी."

ती मनापासून हसली. वाईच्या घरात जळमटं दिवाळीला निघतात. तोवर आढ्याला राहणाऱ्यांशी कुणाचं भांडण नसतं. फार तर अंगावर पुरळ उठलं की "कोळी मुतला असेल" म्हणायचं, की विषय संपला. कोणता कोळी हे कुणी विचारत नाही. कोळी म्हणजे कोळी.

आम्ही सिडनीच्या उत्तरेला, हॉर्न्सबीच्या बाजूला राहतो. कुंपण संपलं की निलगिरीचं रान सुरू होतं. घर घेताना एजंटने त्या रानाचं फार कौतुक केलं होतं. त्यात कोण कोण राहतं आणि त्यातलं कोण आमच्याकडे येऊन-जाऊन असणार, ते आमचं आम्हाला कळत गेलं.

तिसऱ्याच दिवशी हॉलच्या पडद्यावर तळहाताएवढा हंट्समन कोळी येऊन बसला. मी आईचा चेहरा बघत होते. ती चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपल्या न्हाणीघरातला! इथे येऊन बाळसं धरलंय एवढंच." तिचं फारसं चुकलं नव्हतं. याच कुळातला एक कोळी आपल्याकडच्या जुन्या घरांतही असतो. हा जाळं विणत नाही, भिंतीला चपटा चिकटून बसतो, खेकड्यासारखा तिरका पळतो आणि झुरळं खातो. चावला तर दुखतं, पण जिवावर बेतत नाही. आईने त्याचं नाव तात्या ठेवलं. आळीतले कुणी तात्या म्हणे असेच तिन्हीसांजेला येऊन भिंतीला टेकून उभे राहत, बोलत काहीच नसत.

मी एवढी शूर नव्हते. अकरा वर्षांपूर्वी, नवी नवी गाडी चालवायला लागले होते तेव्हा, पेनंट हिल्स रोडवर ऊन डोळ्यांवर आलं म्हणून सन व्हायझर खाली ओढला आणि असलाच एक तात्या थेट मांडीवर पडला. सिग्नल लाल होता, हे माझं नशीब. गाडी चालू ठेवून, दार सताड उघडं टाकून मी फुटपाथवर उभी होते. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही. खाली उतरला, आत डोकावला, "हंट्समन?" एवढंच विचारलं आणि टोपीने त्याला उचलून झाडीत सोडून आला. इथे हंट्समन पाहून किंचाळणं म्हणजे पाल पाहून पोलिसांना बोलावण्यासारखं आहे, हे त्या दिवशी कळलं.

खरा वाद झाला तो तुळशीवरून. थंडीत तग धरावा म्हणून मी तुळशीची कुंडी मागच्या भिंतीशी आडोशाला ठेवली होती. पाणी घालताना आईला कुंडी आणि भिंतीच्या मध्ये विस्कटलेलं, कसलाही आकार नसलेलं जाळं दिसलं. खाली मटाराएवढी काळीभोर टपोरी मादी, पाठीवर लाल पट्टा. रेडबॅक. शेजारी अंड्यांच्या दोन गोल, मळकट पांढऱ्या पिशव्या. मी फवारा आणायला वळले तशी आईने हात धरला. "तुळशीवर औषध मारायचं नाही. तीर्थात पान कुठलं घालू मग?"

मी तिला सगळं सांगितलं. हिच्या विषाने घाम फुटतो, तासन्‌तास असह्य कळा येतात. १९५६ पासून यावर प्रतिविष आहे, पण म्हणून कुणी हात घालायला जात नाही. नर इवलासा असतो आणि समागमाच्या वेळी स्वतःच कोलांटी मारून तिच्या तोंडाशी जातो. शेवटचं मी उगाच सांगितलं. त्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पट्टा मात्र कुंकवासारखा आहे हो." अखेर नवऱ्याने जाड हातमोजे घालून लांब दांड्याच्या झाडूने जाळं आणि पिशव्या खरवडल्या, आणि बाईसाहेबांना बुटाखाली घेतलं. माझी त्याला संमती होती, अजून आहे. कुंडी आता चार पायांच्या स्टँडवर, मोकळ्यावर असते.

(व्हाइट-टेल कोळ्याचं जाता जाता सांगते. आमच्या ऑफिसात कुणाची जखम चिघळली की खापर याच्यावर फुटतं. २००३ साली याच्या १३० दंशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकाही ठिकाणी मांस सडलेलं नव्हतं. हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगून पाहिलं. कुणाला आवडलं नाही.)

फनेल-वेब कोळ्याबद्दल मात्र मी विनोद करत नाही. फेब्रुवारीत दोन दिवस पाऊस लागला होता, आणि सकाळी लाँड्रीच्या फरशीवर एक तुकतुकीत काळा नर पुढचे पाय उगारून उभा. इथल्या उन्हाळ्यात नर मादीच्या शोधात बिळं सोडून भटकतात आणि त्यांचं विष मादीपेक्षा कितीतरी जहाल. गंमत म्हणजे सशाला, मांजराला ते फारसं बाधत नाही, माणसाला आणि माकडाला बाधतं. १९८१ मध्ये प्रतिविष आलं, त्याआधी १३ मृत्यूंची नोंद आहे. त्यानंतर एकही नाही. आणि ते प्रतिविष बनवायला लागतं याच नरांचं विष. सॉमर्सबीच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये ते काढतात, आणि लोकांना सांगतात की जमत असेल तर मारू नका, पकडून द्या.

"बरणी दे," मी ओरडले. आईने रिकामी झालेली लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी धुऊन, पुसून, कोरडी करून आणली. तेवढा वेळ मी आणि तो एकमेकांकडे बघत होतो. बरणी आडवी ठेवली, लांब पट्टीने त्याला आत ढकललं, पट्टीनेच बरणी उभी केली. गुळगुळीत काचेवर त्याला चढता येत नाही, हे मला वाचून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं, तो थरथरत होता. आत ओल्या कापसाचा बोळा टाकला, झाकण लावलं, आणि कोळी जमा करून घेणाऱ्या जवळच्या ठिकाणी नवऱ्याने नेऊन दिला. तो परत आल्यावर आईने पहिलं विचारलं, "बरणी?"

आई एप्रिलच्या आधी परत गेली. आता तिचा फोन येतो तो आमच्या संध्याकाळी सात-साडेसातला, म्हणजे वाईच्या दुपारी दीड-दोनला. तिला कपड्यांच्या दोरीपाशी राहणारी विणकरीण बघायची असते. अंधार पडता पडता ती चाकासारखं मोठं जाळं विणते, नेमकं माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि पहाटे बहुधा स्वतःच उतरवते. वाळलेले कपडे काढायला जाताना मी समोर काठी फिरवत जाते, गोंधळात दिवटी नाचवावी तशी. परवा मी फोन धरून उभी होते. तिने पहिला धागा वाऱ्यावर सोडला, तो पलीकडे लिंबाच्या झाडाला अडकला, मग मधून खाली सूत धरून उतरली. आई म्हणाली, "अगं जरा जवळ ने, चष्मा नाहीये." मी जवळ नेलं. आरे भरून होईपर्यंत तिकडून काही आवाज नाही. फोन वळवून पाहिलं, तर पडद्यावर वाईच्या घराचं आढं दिसत होतं, आणि खाली कुठेतरी आईचं घोरणं.