डिलेचं गणित

आज दुपारभर एकाच गाण्यावर बसलो होतो. आईच्या आवाजातला पाळणा, घरीच रेकॉर्ड केलेला. त्यावर डिले, म्हणजे आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट, लावला की ‘नीज’ या शब्दाचा पडसाद पुढच्या शब्दाच्या तोंडावर येऊन आदळायचा.

शेवटी कागद-पेन घेतलं. मिनिटात 60,000 मिलिसेकंद, गाण्याचा टेम्पो मिनिटाला 75 ठोके, म्हणजे एका ठोक्याला 800. मी डिले ठेवला होता 500, कानाला बरा वाटला म्हणून. तो ना धड ठोक्यावर, ना अर्ध्यावर. 600 केला, म्हणजे पाऊण ठोका, आणि पडसाद दोन शब्दांमधल्या फटीत अलगद जाऊन बसला! किती वेळ तेवढंच ऐकत राहिलो. मग फीडबॅक, म्हणजे पडसाद किती वेळा परतायचा ते, उतरवून दोनच पडसाद ठेवले आणि त्यांची वरची धार फिल्टरने कापली, कारण ‘स’, ‘श’ पुन्हा पुन्हा आले की कानाला टोचतात.

शेवटच्या ओळीत आई क्लिक, म्हणजे लय धरायला लावलेली टिकटिक, सोडून आपल्याच लयीत गाते. ती ओळ मला सगळ्यात आवडते, म्हणून तिथे डिले पूर्ण बंद ठेवलाय.

संध्याकाळी तिला हेडफोन लावून ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होती, आणि हात पाळण्याची दोरी ओढल्यासारखा हलत होता.