वकील म्हणाले, बांध इंचात सांगा

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार म्हणून बांधावरची भांडणं रोजचीच असतात, पण साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून आपल्याच नकाशाचा जाब द्यायचा म्हणजे वेगळं काम आहे. त्यातलीच ही इंदापूर भागातली केस.

चुलता-पुतण्याची केस होती. लागून दोन गट, पुतण्याने ऊस लावताना मधला बांध सरकवला असं चुलत्याचं म्हणणं, आणि दाव्यात मागणी 15 गुंठ्यांची. कोर्टाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 26 रूल 9 खाली कमिशन, म्हणजे कोर्टातर्फे जागेवर जाऊन पाहणी करायचा आदेश, काढलं आणि मोजणी माझ्याकडे आली. आता इथं लोकांचा एक मोठा गैरसमज असतो, मोजणीची फी ज्याने भरली त्याचा माणूस अशी समजूत. कमिशनवर गेलेला मोजणीदार कुणाचाच नसतो, तो कोर्टाचा असतो, आणि हे दोन्ही पार्टींना पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगावं लागतं.

जागेवर गेलो तर चुलत्याने एक दगड दाखवला, पुतण्याने दुसराच. दोघेही शपथेवर सांगायला तयार की हाच आजोबांच्या वेळचा. मी दोन्ही दगड नकाशावर घेतले पण हद्दीसाठी एकही धरला नाही, कारण टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या मूळ मापांच्या कागदात, ते कुठंच बसत नव्हते. गट नकाशा जमिनींचं एकत्रीकरण होऊन गट पडले त्या वेळचा, तो एकटा धरून हद्द लावली की घोळ होतो, म्हणून जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण आणि फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा) दोन्ही काढून नेलं होतं. टिपणात एक विहीर दाखवलेली होती, ती जागेवर होती. तीन सर्व्हे नंबर जिथं मिळतात तिथला दगड बाभळीच्या मुळात अर्धा गाडलेला सापडला. पलीकडचा ओढा मात्र सोडून दिला, पाणी वाट बदलतं, त्याच्यावर हद्द टेकवता येत नाही. लोकांना वाटतं आता रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं मशीन, आलाय म्हणजे मशिनच सगळं सांगतं. रोव्हर आपण कुठं उभे आहोत ते सांगतो, हद्द कुठं आहे हे टिपणातूनच काढावं लागतं.

सगळं बसवल्यावर दिसलं ते असं: पुतण्याच्या वहिवाटीत चुलत्याच्या गटाचा सुमारे 600 फूट लांबीचा पट्टा गेलेला होता, एका टोकाला 11 फूट रुंद, दुसऱ्या टोकाला 16. म्हणजे साडेसात गुंठ्यांच्या आसपास. 15 नाही. नकाशावर हद्द एका रेषेने, वहिवाट दुसऱ्या रेषेने दाखवली आणि अहवालात कुठले पॉइंट का धरले, कुठले का सोडले ते सगळं लिहिलं. पुतण्याने पंचनाम्यावर सही केली नाही, तेही पंचांसमोर नोंदवलं.

मग दोन्हीकडून हरकती आल्या आणि मला साक्षीला बोलावलं. पुतण्याच्या वकिलांनी आधी सहीवरून घेरलं, नोटीस बजावल्याची पोच फाइलला होती त्यामुळे ते तिथंच थांबलं. मग टिपण हातात घेऊन विचारलं, ही मापं कशात आहेत? म्हणलं साखळी आणि आण्यात. 1 साखळी म्हणजे 33 फूट, तिचे 16 आणे. म्हणजे 1 आणा दोन फुटांपेक्षा थोडा जास्त? हो. मग तुमचं मशीन सेंटिमीटरमध्ये मोजतं, हे टिपण आण्यात, तर हद्दीचा बांध नेमका कुठं ते इंचात सांगा.

इथं बरेच जण अडखळतात, कारण नाही म्हणलं तर अहवाल पडेल अशी भीती वाटते. मी सांगितलं, इंचात सांगता येणार नाही, जुनं मापच आण्यापर्यंत घेतलेलं आहे, त्यामुळे माझी रेषा एखाद-दोन फूट इकडंतिकडं असू शकते. कोर्टात एकदम शांतता, वकील साहेब खूश. पण पुढचं वाक्य न्यायाधीश मॅडमनी स्वतः विचारून लिहून घेतलं: फरक 11 ते 16 फुटांचा आहे, तो मापाच्या चुकीत बसत नाही.

मग चुलत्याचे वकील उठले. त्यांना माझ्याकडून हवं होतं की पुतण्याने मुद्दाम अतिक्रमण केलं. म्हणलं, साहेब, बांध कुणी आणि कधी सरकवला हे माझ्या मोजणीत दिसत नाही, रेषा दिसते. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. बाहेर आल्यावर चुलते, सत्तरीतला माणूस, म्हणाले, "साहेब, एवढं तरी म्हणायचं होतं." फार वाईट वाटलं, खरंच. त्यांची जमीन गेली होती हे मलाच तर माहीत होतं. पण नियत बांधावर मोजता येत नाही, आणि मोजणीदार त्या दिशेला एक पाऊल गेला की त्याची मोजलेली रेषासुद्धा कुणी धरत नाही.

निकालात साडेसात गुंठ्यांपुरता ताबा मिळाला, उरलेली मागणी फेटाळली. खुणा करायला मी गेलो नाही, ऑफिसमधला दुसरा भूकरमापक गेला. त्याने मला काही न विचारता, फक्त अहवालात लिहिलेली विहीर आणि बाभळीखालचा दगड धरून मोजलं, आणि त्याची रेषा माझ्या रेषेपासून अर्ध्या फुटाच्या आत आली.